बेशुद्ध बाईशी भांडण

प्रश्न : परवा मी आणि ताई घरी ‘द डिसेंडंट्स’ बघायला बसलो. बायको कोमात, डॉक्टरांनी आशा सोडलेली, आणि नवरा दोन मुलींना घेऊन तिच्या प्रियकराच्या मागावर! मला मधूनमधून हसू येत होतं, ताई मात्र भडकली. “मरणाऱ्या बाईची लफडी काढताय, तिची बाजू कोण मांडणार?” म्हणत अर्ध्यातून उठली. कोणाचं बरोबर? आणखी एक शंका. ‘यंत्रांवर जगवू नका’ असं आधीच लिहून ठेवणं आपल्याकडे चालतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताईंचा मुद्दा मी खोडणार नाही. ती बायको, एलिझाबेथ, हसती-खेळती दिसते ती फक्त सुरुवातीला, बोटीवर. पुढे सगळा सिनेमाभर ती खाटेवर. ती घटस्फोट मागणार होती हेसुद्धा आपल्याला मित्रमंडळींच्या तोंडून कळतं.

पण दिग्दर्शक अलेक्झांडर पेनच्या या २०११ च्या सिनेमाचा विक्षिप्तपणा तिथूनच तर येतो. जिला जाब विचारायचा ती उत्तर देऊ शकत नाही, म्हणून जो तो भलत्यालाच विचारत सुटतो. भानगड कळल्यावर नवरा मॅट, म्हणजे जॉर्ज क्लूनी, पायात बूट कसेबसे अडकवून रस्त्यावरून फटाफट पळत मित्राच्या घरी जातो. इतका देखणा नट इतका बावळट पळताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही! पुढे हॉस्पिटलात तो बेशुद्ध बायकोवर खेकसतो. थोरली मुलगीही आईला बोल लावते. आणि कहर म्हणजे प्रियकराची बायको. नवरा येत नाही म्हणून ही फुलं घेऊन येते, ‘मी तुला माफ करते’ म्हणता म्हणता आवाज चढतो आणि मॅटला तिला आवरावं लागतं. या सगळ्यांना बोलायचं असतं ते स्वतःबद्दलच. तेव्हा ताईंना म्हणावं, तिची बाजू इथे कोणी मांडत नाही हे पेनलाही पक्कं ठाऊक आहे.

मला सर्वांत आवडतो तो सासरा, रॉबर्ट फॉर्स्टरने केलेला. या म्हाताऱ्याची बायको स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली. एलिझाबेथला भेटायला जायचंय म्हटल्यावर तिला वाटतं, इंग्लंडच्या राणीलाच भेटायचंय. थोरलीचा मित्र सिड हसतो आणि म्हातारा त्याच्या तोंडावर ठोसा ठेवून देतो. आपण हसावं की नाही, कळत नाही. पुढे हाच सासरा मॅटला सुनावतो की माझी पोर एकनिष्ठ होती, तिला याहून चांगलं मिळायला हवं होतं. मॅटच्या हातात हुकमाचा पत्ता असतो. तो टाकत नाही, ‘बरोबर आहे तुमचं’ एवढंच म्हणतो. प्रियकराला ‘येऊन निरोप घे’ असं सांगणारा मॅट मला थोडा लिहून काढल्यासारखा वाटतो. हा गप्प राहणारा मॅट खरा वाटतो.

हवाईतल्या कौआई बेटावरच्या, मॅटच्या घराण्याच्या २५,००० एकरांच्या विक्रीचं प्रकरण मात्र रेंगाळतं. सातबाऱ्यावर डझनभर चुलतभावांची नावं असलेल्यांना त्यात गोडी वाटेल. प्रियकर जमिनीचा दलाल निघतो आणि विक्री झाली तर त्याचाही फायदा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मूळ कादंबरी हवाईतच वाढलेल्या कौई हार्ट हेमिंग्ज यांची. २०१२ मध्ये रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं, ते मला रास्त वाटतं.

आता तुमची शंका. सिनेमात एलिझाबेथने लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे यंत्रं काढायची की नाही हा प्रश्नच मॅटपुढे उरत नाही. आपल्याकडेही चालतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला जात नसे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की झालं. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं त्यात घालायची. तरीही वेळ आली की हॉस्पिटलातली डॉक्टरांची दोन मंडळं आधी तपासून मत देतात. कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका, एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. आणि ज्यांचं नाव घालाल, त्यांना आधी विचारा.