बेळगावमध्ये स्वतःचे घर असलेल्यांनी शेजाऱ्यांना सोबत घेऊन पर्यावरणपूरक राहणीसाठी कोणते सोपे उपाय करावेत?

आपण लिहिले आहे की बेळगावच्या दक्षिण भागात आपण नुकतेच जुने घर घेतले आहे, परसात एक पडीक विहीर आहे, आणि फार खर्च न करता गल्लीलाही उपयोगी पडेल असे काही करण्याची आपली इच्छा आहे. मी वडगावात राहतो. माझ्या मते आपण सुरुवात त्या विहिरीपासूनच करावी. बाकीचे उपाय तिच्यानंतरचे.

शहराच्या नळांना मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचे आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचे पाणी येते. ते पंपांनी उपसून शहरापर्यंत आणावे लागत असल्यामुळे नळाच्या प्रत्येक घागरीमागे वीज खर्च होते. उलट पावसाच्या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. बेळगावात वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एक चौरस मीटर छपरावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात सुमारे १,२०,००० लिटर पाणी पडते, आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी लाखाच्या जवळपास उरते. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीरच खोदण्यात आली होती आणि ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते; पायाखालच्या पाण्यावर हे शहर किती विसंबून होते, हे त्यावरून लक्षात यावे.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी तळाला गेले की विहिरीतला गाळ अनुभवी माणसांकडून काढून घ्यावा. पन्हाळीचे पाणी थेट विहिरीत सोडू नये. पहिल्या एक-दोन पावसांत कौलांवरची धूळ, शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते, म्हणून पाइपला खाली एक झाकण ठेवून ते पाणी बाहेर जाऊ द्यावे. नंतरचे पाणी एका पिंपातून गाळून घ्यावे. पिंपात तळाला मोठी खडी, तिच्यावर बारीक खडी, मग कोळसा आणि सर्वांत वर वाळू भरावी, आणि तोंडाला जाळी बांधावी. वाळूचा वरचा थर दरवर्षी धुऊन घेतला की पाणी तुंबत नाही. विहिरीवर जाळी टाकून आत गप्पी मासे सोडले तर डासांचा त्रास होत नाही. हे पाणी धुणीभांडी, न्हाणी आणि झाडांसाठी वापरावे; तपासून घेतल्याशिवाय पिऊ नये.

हे काम एकट्याने करण्यासारखे नाही, कारण जमिनीतले पाणी कंपाउंडची भिंत जाणत नाही. आपण मुरवलेले पाणी शेजारच्या विहिरीलाही मिळते, आणि शेजारच्या बोअरच्या उपशाने आपली विहीर खाली जाते. म्हणून विषय गल्लीच्या पंच मंडळींपुढे मांडावा. ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांनी आपली पन्हाळ शेजाऱ्याच्या विहिरीला जोडावी आणि गाळ काढण्याची वर्गणी सर्वांनी मिळून द्यावी. अंगणभर फरशी किंवा काँक्रीट घालण्याची जी पद्धत अलीकडे वाढली आहे ती मला मनापासून खटकते. निम्मे अंगण तरी मातीचे राहू द्यावे. मुरायला जागा न मिळालेले पाणी गटारांतून बळ्ळारी नाल्यात जाते, आणि तो नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातली भातपिके पाण्याखाली जातात. त्याच नाल्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकून पाणी तुंबते, म्हणून सुका कचरा गटारीच्या कडेला न ठेवता थेट घंटागाडीतच द्यावा.

ओला कचरा घरीच जिरवता येतो. भोके पाडलेल्या जुन्या पिंपात तळाला नारळाच्या शेंड्या पसराव्यात, भाजीच्या देठांच्या प्रत्येक थरावर दुप्पट वाळलेला पाला टाकावा, विरजणासाठी थोडे आंबट ताक शिंपडावे आणि आठवड्यातून एकदा सारे वरखाली करावे. दुर्गंधी येऊ लागली तर ओल जास्त झाली असे समजून आणखी पाला घालावा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. आंबा-फणसाचा पाला गल्लीच्या टोकाला जाळण्यापेक्षा असा कामी लावला तर धूरही टळतो आणि तुरमुरीच्या कचरा प्रकल्पाकडे जाणारा भारही कमी होतो.

विजेविषयी थोडक्यात सांगतो. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेतून २०० युनिटांच्या मर्यादेत आपले बिल शून्य येत असेल, तर छतावर वीजनिर्मितीचे पॅनेल बसवण्याची घाई करू नये. आधी सौर बंब बसवावा, म्हणजे आंघोळीच्या पाण्यासाठी लाकूड किंवा गिझर लागणार नाही. वापर त्याहून बराच जास्त असेल तर छतावरच्या सौर विजेसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्याची चौकशी करावी. पॅनेल बसवताना पन्हाळीची वाट मात्र अडवू देऊ नये, आणि पॅनेल धुतलेले पाणी विहिरीकडे न सोडता झाडांना द्यावे.