वाचकांचे प्रश्न : समुद्रावर डोकावणारं एझ

दक्षिण फ्रान्समध्ये नीस आणि मोनॅको यांच्या मध्ये, समुद्रापासून सुमारे ४२७ मीटर उंच सुळक्यावर एझ नावाचं मध्ययुगीन गाव आहे. युरोप सहलींच्या जाहिरातींत हल्ली त्याचं नाव दिसू लागलंय आणि खानदेशातून त्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या सहलीच्या कार्यक्रमात ‘एझ : ४५ मिनिटं’ असं छापलंय. तेवढ्यात गाव होतं का? (धुळे)

नाही होत. हिशेब करून बघा. मोठ्या गाड्या गावात जात नाहीत, खालच्या रस्त्यालगत थांबतात. तिथून वेशीपर्यंत चढ, वेशीपासून माथ्यावरच्या बागेपर्यंत गल्ल्या-पायऱ्यांतून निदान १५-२० मिनिटं आणि परतताना तेवढाच वेळ. बागेसाठी तास काढला नाही तर वर जाण्यात अर्थ नाही, कारण एझचा खरा देखावा तिथूनच दिसतो. धावपळ न करता अडीच ते तीन तास लागतात.

४५ मिनिटांच्या कार्यक्रमात बहुधा गाडी अत्तराच्या कारखान्यापाशी उभी राहते. फ्रागोनार आणि गालिमार या दोन्ही घराण्यांची केंद्रं गावाच्या पायथ्याशीच आहेत. आत फिरवून दाखवायचे पैसे घेत नाहीत, पण बाहेरची वाट दुकानातून जाते आणि तुमची २५ मिनिटं तिथेच जिरतात. पैसे भरण्याआधी कंपनीला दोन गोष्टी विचारा: एझला प्रत्यक्ष मोकळा वेळ किती, आणि बागेचं तिकीट धरलंय की नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर एझ पाहिलं असं धरू नका. नीसला एक दिवस मोकळा असेल तर स्वतःच जाऊन या, अवघड काही नाही.

आम्ही दोघं शिक्षक, स्वतःच्या जबाबदारीवर जाणार. नीसहून एझ कसं गाठायचं? (चोपडा)

मुक्काम नीसलाच ठेवा. एझमधली हॉटेलं मोजकी आणि भयंकर महाग आहेत. विमानतळावरून ट्राम क्र. २ शहरात येते. जां मेदसें थांब्यावर ती सोडून ट्राम क्र. १ घेतली की व्होबां थांबा येतो, आणि तिथून ८२ क्रमांकाची बस थेट एझ गावाच्या पायथ्याशी सोडते. अर्ध्या तासाचा प्रवास आणि तिकीट दीड-दोन युरोच्या घरात. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला असतो.

लोक चुकतात ते ‘एझ’ या नावाला. रेल्वे स्टेशनाचं नाव एझ-स्यूर-मेर, म्हणजे समुद्राकाठचं एझ. आगगाडी नीसहून पंधरा-एक मिनिटांत तिथे पोचते खरी, पण ते स्टेशन अगदी समुद्रसपाटीला आहे आणि गाव डोक्यावर चारशे मीटर. स्टेशनाबाहेर येऊन ‘गाव कुठंय?’ म्हणून मान वर करणारे पर्यटक रोज दिसतात. तिथून वर जायला ८३ क्रमांकाची बस आहे, पण तिच्या फेऱ्या कमी. गाडीच्या वेळेशी ती जुळते का, हे आदल्या रात्री बघून ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. या डोंगराला समांतर तीन रस्ते कापले आहेत: खालचा, मधला आणि वरचा कॉर्निश (कड्याकडेचा रस्ता). एझ मधल्यावर आहे. वाहनतळ लहान आहे आणि उन्हाळ्यात दहा-साडेदहालाच भरतो. आमचं मत विचाराल तर गाडी नकोच.

परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी फेऱ्या विरळ होतात, रविवारी आणखीच. दुपारी चार ते सहा थांब्यावर रांग लागते आणि भरलेली बस न थांबता निघून जाते. शेवटच्या बसवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा. आणि गर्दी टाळायची असेल तर सकाळी नऊच्या आत वर असा. मोनॅको किंवा व्हिलफ्रांशला मोठं जहाज लागलं की अकरा ते चार या वेळात त्या दीड-दोन मीटरच्या गल्ल्यांत पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही.

तत्त्वज्ञ नीत्शे ज्या वाटेने चढायचा ती पायवाट अजून आहे म्हणतात. आम्ही चार मित्र चढू शकू का? (पारोळा)

आहे आणि उघडीही आहे. नीत्शे १८८३ ते १८८८ या काळात हिवाळे नीसला काढायचा आणि आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातला महत्त्वाचा मजकूर याच चढणीवर सुचल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. वाट एझ-स्यूर-मेर स्टेशनासमोरचा हमरस्ता ओलांडून थोडं गेलं की सुरू होते आणि गावाच्या पायथ्याशी निघते. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास, पण चढ चारशे मीटरचा. धडधाकट माणसाला सव्वा ते दीड तास लागतो.

वाट हरवण्यासारखी नाही. त्रास होतो तो तीन कारणांनी. खालचा टप्पा उघडा आहे, चुनखडीच्या पांढऱ्या दगडावरून ऊन उलटं तोंडावर येतं. वाटेत पाण्याची सोय नाही, म्हणून माणशी दीड लिटर सोबत हवं. आणि पायाखाली सुटे खडे आहेत. चढताना त्यांचं काही वाटत नाही, उतरताना मात्र गुडघ्यावर येतं आणि टाच घसरते. चप्पल, फ्लोटर्स चालणार नाहीत, खाचांच्या तळव्याचे बूट घाला. जोरदार पावसानंतर दरड किंवा उन्हाळ्यात वणव्याचा धोका असेल तर वाट बंद ठेवतात. तशी पाटी दिसली की मुकाट्याने बस धरा.

जाण्याआधी महिनाभर लळिंगचा किल्ला आठवड्यातून दोनदा चढून उतरा. तिथे दम लागत नसेल तर इथे लागणार नाही. चढावं पायी आणि परतावं बसने. बस चुकली म्हणून अंधारात ही वाट उतरणं मात्र नको, दिवे नाहीत.

आईचं वय ६८, गुडघे दुखतात. तिला एझ दाखवता येईल का? (जळगाव)

स्पष्टच सांगतो, गावाच्या आत नेऊ नका. वेशीपासून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या आणि उतरत्या फरशा आहेत, त्या शतकानुशतकं पाय पडून गुळगुळीत झाल्यात. पाऊस शिंपडला तर काठीही सरकते. चाकाची खुर्ची आत चालत नाही आणि मध्येच थकवा आला तर वाहन आत येऊ शकत नाही.

त्याऐवजी नीसमधल्या कॉलीन द्यु शातोला, म्हणजे किल्ल्याच्या टेकडीवर न्या. उंची ९२ मीटर, पण समुद्रकाठच्या रस्त्यावरून वर जायला लिफ्ट आहे, तीही फुकट. वरून नीसचा सगळा समुद्रकिनारा एका नजरेत येतो, बसायला बाकं आहेत, झाडांची सावली आहे. तिथलं बांधकामही एझच्या किल्ल्यासारखंच १७०६ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या हुकमाने पाडलं गेलं. म्हणजे पडका किल्ला आणि निळा समुद्र दोन्ही मिळतं, गुडघे शाबूत राहून. मोनॅकोतही सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने जागोजागी आहेत, तेही आईला झेपेल.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत? आणि ४५ अंश सोसणाऱ्या आम्हाला तिथला उन्हाळा काय करणार? (भुसावळ)

मे. यात दोन मतं असायचं कारण नाही. हवा विशीच्या आसपास, आणि सूर्यास्त साडेआठनंतर, त्यामुळे संध्याकाळी सहाला वर जाऊनही भरपूर उजेड मिळतो. दिवाळीच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्या किनाऱ्यावर वर्षातला सर्वांत जास्त पाऊस पडतो. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. ढग खाली उतरले तर माथ्यावरून समुद्र सोडाच, शेजारचं छप्परही नीट दिसत नाही.

मे मध्येही एक गोम आहे. कानचा चित्रपट महोत्सव आणि त्यानंतरची मोनॅकोची मोटार शर्यत या काळात नीसच्या हॉटेलांचे दर कुठल्या कुठे जातात. शर्यत पूर्वी मेअखेर व्हायची, २०२६ पासून जूनच्या सुरुवातीला आली आहे; तारीख आधी बघूनच मुक्काम ठरवा.

उन्हाळ्याबद्दल : जुलै-ऑगस्टात पारा तिशीच्या आतबाहेर असतो, भुसावळकराला हसू येईल असा. पण आपलं ऊन कोरडं, तिथलं दमट, आणि ते तुम्ही सावलीत बसून नव्हे, पायऱ्या चढत घेणार. टोपी आणि पाणी लागतंच.

केळीची शेती आहे, आयकर विवरण भरत नाही. व्हिसा मिळेल का? (रावेर)

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे विवरण नसणं हा काही गुन्हा नाही, पण उत्पन्न कागदावर दिसलं पाहिजे. सातबारा, आठ-अ, व्यापाऱ्याकडून मिळालेल्या विक्रीच्या पट्ट्या आणि त्या रकमा ज्या खात्यात जमा झाल्या त्याचा बँक उतारा, हे एकमेकांशी जुळलं पाहिजे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. सोबत एका पानाचं पत्र: शेती किती, पीक कोणतं, खर्च कोण करणार, परत कधी.

अर्ज बिघडतो तो एका सवयीने. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून पाच लाख खात्यात भरून घेतले जातात. खात्यात सहा महिने वीस हजार आणि अचानक पाच लाख, हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं. त्यापेक्षा केळीचे पैसे रोखीने न घेता खात्यावर घेत जा.

बाकी नियम ठरलेले आहेत. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यासाठी मार्चपर्यंत भेटीची वेळ घेऊन ठेवा. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रावर स्वतः जावं लागतं, एजंटाला पाठवून भागत नाही. फ्रान्स आणि इतर देश एकाच सहलीत असतील तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज.

एवढ्या अवघड जागी लोक राहायला गेलेच कशाला? (अमळनेर)

समुद्राच्या भीतीने. त्या किनाऱ्यावर धाडी समुद्रातून येत. दहाव्या शतकात मूर लोकांनी हा पट्टा बळकावला होता, त्यांना ९७३ मध्ये प्रॉव्हान्सच्या विल्यमने हुसकावलं. पुढे १५४३ मध्ये फ्रान्सचा राजा आणि ऑटोमन (तुर्की) आरमाराचा प्रमुख बार्बरोसा यांनी मिळून नीसला वेढा घातला. अशा किनाऱ्यावर वस्ती पाण्याजवळ ठेवणं म्हणजे घर उघडं टाकून गावाला जाणं. सुळक्यावरून गलबत तासन्‌तास आधी दिसे.

गावाची मांडणी बघताना हे डोक्यात ठेवा, मग गल्ल्या वेड्यावाकड्या वाटणार नाहीत. कडेच्या घरांच्या मागच्या भिंती हाच तट, वेगळा बांधलेला नाही. आत शिरायला एकच जागा, चौदाव्या शतकातली दुहेरी वेस, तिला पोटर्न म्हणतात. तिथे घाईने पुढे न जाता कमानीखाली उभे राहून वर बघा. वाट लगेच वळते, म्हणजे दार फोडून आत आलेल्याला धाव घ्यायला जागा मिळू नये आणि वरच्यांना मारा करायला मिळावा. आपल्या किल्ल्यांची गोमुखी दारं पाहिलेल्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल.

१३८८ पासून हा मुलूख सॅव्हॉय घराण्याकडे होता. १७०६ मध्ये स्पेनच्या वारसायुद्धात चौदाव्या लुईने तट आणि किल्ला पाडायला लावला, म्हणून माथ्यावर आज नुसते अवशेष दिसतात. फ्रान्समध्ये गाव कायमचं आलं ते १८६० मध्ये. किल्ल्याच्या त्या पडक्या जागेवर दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये निवडुंगांची बाग उभी केली. मोनॅकोची अशीच बाग घडवणाऱ्या जां गास्तो यांनी तिची आखणी केली. दक्षिणेच्या उतारावर निवडुंग आणि घायपात, उत्तरेच्या सावलीत ओलावा लागणारी झाडं. तिकीट सात-आठ युरोच्या आसपास असतं. चर्च त्या मानाने नवं, १७६४ ते १७७८ मधलं: बाहेरून साधं पिवळं, आतून मात्र नक्षीकामाने भरलेलं. पाच मिनिटं आत डोकवा, पुरे.

घरात सगळे शाकाहारी. तिथे खायचं काय, आणि इथून काय न्यायचं? (शहादा)

एझमध्ये जेवायचा हट्ट धरू नका, नीसच्या जुन्या शहरात पोट भरा. तिथली सोक्का म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. तिखट-हळद विसरलेलं धिरडंच. वर मिरपूड मागून घ्या. ‘सालाद निस्वाझ’ला नुसती कोशिंबीर समजू नका, तिच्यात मासे असतात. कांद्याच्या ‘पिसालादियेर’वरही मासळी असते. सूप बहुतेकदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘सां व्यांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन्ही म्हणावं लागतं, कारण नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की मासे वाढले जाऊ शकतात. दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर बरीच स्वयंपाकघरं बंद. ‘युन कराफ दो’ म्हटलं की साधं पिण्याचं पाणी फुकट मिळतं.

इथून नेताना तूप, पेढे, पनीर, खवा घातलेलं काहीही नको. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. सुका ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पापड, कळण्याचं पीठ नीट बंद करून न्या. ताजी फळं आणि हिरव्या मिरच्या रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. सूट फक्त पाच फळांना आहे : अननस, नारळ, खजूर, डुरियन आणि केळी. रावेर-यावलकरांनी डझनभर खुशाल न्यावीत.

एझहून मोनॅकोला जायचं तर वेगळा व्हिसा काढावा लागतो का? (नंदुरबार)

नाही. सीमेवर चौकी नाही, फ्रान्सच्या शेंगेन व्हिसावर ये-जा करता येते. पासपोर्ट मात्र जवळ बाळगा. नीस-मोनॅको रेल्वेमार्गावर पुढे इटलीचं व्हेंतिमिल्या आहे आणि त्या टप्प्यात गाडीत पोलीस कागद तपासतात.