नाशिकला एसवायला आहे, १०० मीटर ११.२ सेकंदांत धावतो. यात करिअर होईल का?

होईल, पण नुसत्या पळण्यावर घर चालेल असं धरू नका. खेळाडू म्हणून नोकरी हे खरं लक्ष्य ठेवा. रेल्वे, सैन्यदल, पोलीस इथे खेळाडूंची भरती होते, राज्य सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्याला नियमात बसणारी कामगिरी आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागते. मैदानातला पहिला नंबर तिथे चालत नाही.

आधी तुमची वेळ तपासा. स्टॉपवॉचची ११.२ असेल तर इलेक्ट्रॉनिक हिशेबात साधारण ११.४४ धरतात, कारण बंदुकीचा आवाज ऐकून अंगठा दाबेपर्यंत घड्याळ उशिरा सुरू होतं. धावपटू अनिमेष कुजूरने जुलै २०२५ मध्ये १०० मीटरचा १०.१८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतर लक्षात येईल. सध्या पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गाठा, मग आंतरविद्यापीठ.

एक अडचण मात्र आहे: नाशिकचं नाव कविता राऊतसारख्या लांब पल्ल्याच्या धावपटूंमुळे झालं. त्यामुळे प्रशिक्षक निवडताना तो ब्लॉक स्टार्ट (पायांना आधार देणाऱ्या ठोकळ्यांवरून सुरुवात) आणि वेट ट्रेनिंग खरंच करून घेतो का, हे आठवडाभर मैदानावर उभं राहून बघा. सोबत ४०० मीटरही पळून बघा, रिलेत जागा मिळू शकते. आणि डिग्री सोडू नका, विद्यापीठाकडून खेळायला प्रवेश लागतोच.