अडकलेले देयक आणि पाच टक्क्यांचा मध्यस्थ

प्रश्न : आमचा लोखंडी फर्निचर तयार करण्याचा लहान कारखाना असून त्याची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) पूर्वीच झालेली आहे. एका नगरपरिषदेच्या शाळांना पुरवठा आदेशाप्रमाणे बाके दिली. भांडारपालाने चलनावर सही-शिक्का देऊन माल उतरवून घेतला. त्याला आठ महिने झाले, तरी देयक निघालेले नाही. आता ‘रंग निकृष्ट आहे’ असे तोंडी सांगतात आणि एक मध्यस्थ ‘पाच टक्के सोडा, आठवड्यात धनादेश मिळेल’ असे सुचवतो. ओळखीचे नगरसेवक शब्द टाकायला तयार आहेत. पुढेही तेथील कामे हवी असल्याने संबंध बिघडवायचे नाहीत. काय करावे?
— एक उद्योजक, सांगली जिल्हा

उत्तर : मध्यस्थाला आधी बाजूला करावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असल्यास सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच त्यातून सूट आहे. मागणी चालूच राहिली, तर पैसे देण्यापूर्वी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. शिवाय एकदा दिलेले पाच टक्के पुढच्या प्रत्येक कामात गृहीत धरले जातात, तेव्हा धंद्याच्या हिशेबानेही हा व्यवहार महागच पडतो.

रंगाच्या तक्रारीला फारसे घाबरू नये. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या अधिनियमानुसार माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच स्वीकृतीचा दिवस धरतात, आणि करारात काहीही लिहिलेले असले तरी तेथून ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज लागते. बँक दर ६ टक्के धरल्यास हा दर १८ टक्के होतो. म्हणून भांडारपालाची सही असलेले ते चलन जपून ठेवावे. मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये.

आता फाईल कोणत्या टेबलावर आणि कोणत्या शेऱ्यावर थांबली आहे, ते शोधावे. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून, १५० शब्दांच्या आत, फाईलमधील टिपणीच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘माझे देयक का अडले?’ असे विचारणारा अर्ज सहज टोलवला जातो, नेमका कागद मागणारा अर्ज टोलवणे अवघड जाते. पुष्कळदा कारण अगदीच साधे निघते : तपासणी अहवाल जोडलेला नसतो, किंवा अनुदानच आलेले नसते.

नगरसेवकांची मदत मुख्याधिकाऱ्यांची भेट ठरवण्यापुरती घ्यावी. लेखा विभागाला दरडावणारा फोन मात्र त्यांना करू देऊ नये, कारण तिथल्या माणसाला धास्ती असते ती लेखापरीक्षणातल्या आक्षेपाची, आणि ती फोनने जात नाही, पूर्ण कागदपत्रांनी जाते. भेटीत तुमच्या हाती देण्यासारखे एकच आहे, ते म्हणजे व्याज. ‘मूळ रक्कम अमुक तारखेपर्यंत मिळाल्यास व्याज मागणार नाही’ असे लेखी कळवावे. तारीख टळली की सवलत रद्द, हेही त्यातच लिहावे. ‘आता काही येणे नाही’ असे पत्र पैसे जमा होण्यापूर्वी देण्याचा आग्रह होईल. तो मुळीच मानू नये.

एवढ्यावर भागले नाही, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जावे. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. ९० दिवसांची मुदत कायद्यात आहे. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो. निवाडा तुमच्या बाजूने झाला, तर त्याला आव्हान देण्यासाठी नगरपरिषदेला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. वसुलीची तीन वर्षांची मुदत मात्र पत्रव्यवहारात निघून जाऊ देऊ नये.

प्रश्न : मी उत्पादक नाही, घाऊक विक्रेता आहे. उद्यम नोंदणी आहे. हाच मार्ग मला चालेल का?
— एक व्यापारी, जळगाव

उत्तर : नाही. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती, म्हणजे ठरावीक क्षेत्रांना बँकांनी प्राधान्याने द्यायच्या कर्जापुरती. थकीत रकमेवरील व्याजाची तरतूद त्यांना लागू नाही. येणे ३ लाख किंवा अधिक असल्यास वाणिज्य न्यायालयात दावा करता येतो. तातडीचा आदेश हवा असल्याखेरीज त्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज करणे सक्तीचे आहे, आणि मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजत नाहीत.