स्विच बंद पडला की घरी हूटर वाजला पाहिजे

प्रश्न: नमस्कार, मी देवगडजवळ एका वाडीत केबल इंटरनेट चालवतो. रॅक, म्हणजे मशिनांचं कपाट, रस्त्याकडेच्या खोलीत आणि घर तिथनं पन्नासेक मीटरवर. पावसात लाईट गेली, इन्व्हर्टर संपला की स्विच (गिऱ्हाईकांना नेट वाटणारं मशीन) बंद, आणि मला कळतं कधी तर गिऱ्हाईकांचे फोन यायला लागल्यावर. स्विच इंडस्ट्रियल आहे, त्यावर अलार्म लिहिलेले एनओ, कॉम, एनसी असे तीन स्क्रू आहेत. २३० व्होल्टचा हूटर आणून ठेवलाय, डायरेक्ट लावू का? आणि एनओला की एनसीला?

उत्तर: डायरेक्ट अजिबात नको. त्या स्क्रूंमधून करंट बाहेर येत नाही, आत नुसता रिलेचा (विजेने उघडझाप होणाऱ्या बटणाचा) कॉन्टॅक्ट असतो, तुम्ही बाहेरून दिलेला करंट जोडायचा नाहीतर तोडायचा, एवढंच त्याचं काम. बऱ्याच इंडस्ट्रियल स्विचवर त्याची मर्यादा २४ व्होल्ट डीसी, १ अँपिअर अशी असते, तुमच्या मॉडेलची मॅन्युअलमध्ये बघा. तो हूटर परत देऊन १२ व्होल्ट डीसीचा घ्या.

आता एनओ की एनसी. रिलेला पॉवर नसताना कॉमपासून सुटलेला असतो तो एनओ, तेव्हा कॉमला जुळलेला असतो तो एनसी. बरेच जण बिघाड झाला की कॉन्टॅक्ट जुळेल आणि हूटर वाजेल अशी जोडणी करतात. टेबलावर मस्त चालते. पण तुमची वायर माडांखालून जाणार, एक झावळी पडून ती तुटली की हूटर कायमचा गप्प आणि तुम्ही समजणार सगळं ठीक आहे. म्हणून उलटं करा, ठीक असताना सर्किट जुळलेलं हवं.

घरी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणि चार्जर ठेवा (रॅकच्या इन्व्हर्टरवर हूटर लावलात तर दोघं एकदमच झोपतील). बॅटरीचा प्लस फ्यूजमधून रॅकपर्यंत, अलार्मच्या दोन स्क्रूंच्या जोडीतून परत घरी, तिथे १२ व्होल्ट रिलेच्या कॉइलला (हिच्यातून करंट गेला की रिले ओढला जातो), कॉइलचं दुसरं टोक मायनसला, आणि हूटर ह्या घरच्या रिलेच्या एनसीवर. स्विच मेला, वायर तुटली, स्क्रू सैल झाला, काहीही झालं तरी कॉइल सुटते नि हूटर बोंबलतो. फक्त जाणारी-येणारी वायर एकमेकीला शॉर्ट झाली तर कळणार नाही. कॉइलवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, पट्टीची बाजू प्लसकडे, नाहीतर प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी.

रॅककडे कुठली जोडी घ्यायची ते नावावरून ठरवू नका. तिन्ही स्क्रू मोकळे ठेवून मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं जुळलेली असली की वाजतो ती सेटिंग) लावा. स्विच बंद असताना जी जोडी गप्प असते आणि चालू होऊन अलार्म नसताना बीप देते ती आपली. चालू-बंद करून काहीच बदललं नाही तर त्या रिलेला पॉवर गेलेली कळत नाही, मग आपल्या कामाचा नाही तो. काही मॉडेलमध्ये पोर्ट डाऊन (एखादी लाईन तुटणं), टेंपरेचर वगैरे अलार्म सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागतात, तेही बघा.

रात्री हूटर गप्प करायला बटण लागेलच, सोबत लाल एलईडी ठेवा, बटण दाबलं तरी पेटलेला राहील असा.

वायर पाईपातून जमिनीखालून न्या, वरून टांगलीत तर विजेची भीती जास्त. आणि आपल्याकडची खारी हवा उघडं तांबं हिरवं करून टाकते, तेव्हा टिन केलेली वायर घ्या, टोकाला लग्ज (धातूची टोकं) दाबा आणि पावसाआधी स्क्रू एकदा आवळून घ्या.