चर आखण्याच्या कामात करिअर होतं का?

प्रश्न : मी सिव्हिलच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत मृदसंधारणाच्या, म्हणजे उतारावर माती-पाणी अडवणारे चर आणि बांध आखण्याच्या, एका कामावर मदतनीस म्हणून गेले होते. स्टाफ (उंची वाचायची खुणांची पट्टी) धरायचा, खुंट्या ठोकायच्या, फक्की टाकायची, एवढंच काम. पण ते मला मनापासून आवडलं. घरचे म्हणतात, हे मजुराचं काम आहे, आणि जे उरलंय ते ड्रोन करणार. त्यापेक्षा ड्रोन सर्वेक्षणाचा कोर्स कर. कोर्सची फी बरीच आहे. शिवाय माझं गणित बेताचं. काय करावं?

उत्तर : खुंटी कोणीही ठोकेल. ती कुठे ठोकायची हे सांगणारी माणसं मात्र कमी आहेत. तू काम खुंटीच्या बाजूने पाहिलंस, आता तेच पातळी मोजायच्या दुर्बिणीच्या बाजूने बघ.

समज, जमिनीचा उतार ३ टक्के आहे. समतल, म्हणजे एकाच पातळीच्या रेषेवर घातलेल्या बांधांसाठी एक सोपं सूत्र वापरतात : उताराच्या टक्क्याला १० ने गुणायचं आणि ६० मिळवायचे. उत्तर ९० सेंटिमीटर. म्हणजे एका बांधापासून ९० सेंटिमीटर खाली उतरलं की दुसरा बांध, आणि जमिनीवर मोजलं तर दोघांत ३० मीटर अंतर. उतार ६ टक्के असेल तर हेच अंतर २० मीटरवर येतं. पण सूत्र लावून मोकळं होता येत नाही. पाऊस किती पडतो, माती पाणी किती पिते, यावर ते कमी-जास्त करावं लागतं. भारी चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे बांध अगदी समपातळीत घातला तर पाणी तुंबून पीक सडतं आणि बांधही फुटतो. अशा जागी रेषेला ०.२ ते ०.४ टक्के ढाळ देऊन पाणी गवताच्या नाल्यात सोडतात. निर्णय म्हणतात तो हा, आणि तो शेतात उभं राहून घ्यावा लागतो.

०.३ टक्के ढाळ म्हणजे १०० मीटरला ३० सेंटिमीटर, ३० मीटरला अवघे ९. तेवढ्या अंतरात स्टाफचं वाचन १० सेंटिमीटरने चुकलं की ढाळ उलटा. पाणी नाल्याकडे जायचं सोडून मध्येच साचतं, सखल जागी बांधावरून वाहतं आणि खालच्या बांधावर एकदम आदळतं. माथ्यावरची एक रेषा चुकली तर खालच्या बरोबर रेषाही वाहून जातात. म्हणूनच हे काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे करत आणायचं. घाई म्हणून किंवा पायथ्याचा शेतकरी मागे लागला म्हणून खालून सुरुवात करणाऱ्या गटात शिकायला जाऊ नकोस.

आता ड्रोन. तो उपयोगाचा आहेच. मोठं क्षेत्र, उघडी जमीन, खाली नीट मोजलेले नियंत्रण बिंदू (जागा आणि उंची पक्की माहीत असलेल्या खुणा), असं असेल तर काही सेंटिमीटरच्या अचूकतेचा नकाशा मिळतो. पण कॅमेऱ्याला गवत आणि झुडपं असतील तर त्यांचा शेंडा दिसतो, जमीन नाही. आणि मृदसंधारणाची बरीच जमीन नेमकी गवता-झुडपांची असते. फुकट मिळणाऱ्या उपग्रहाच्या उंची-नकाशांत एक चौकट साधारण ३० मीटरची असते. पाणलोट कुठून कुठे, हे कळायला तेवढं पुरतं. चराची रेषा त्यावरून काढणं म्हणजे अंदाजपंचे. मोबाइलच्या जीपीएसची उंची तर विसरूनच जा. आरटीके जीपीएस (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) किंवा समपातळी दाखवणारा फिरता लेझर हाती असेल तर काम झपाट्याने होतं, पण शेवटी खुंटी जमिनीतच ठोकावी लागते. घळ आडवी आली तर तिथे भर घालायची की बांध वळवायचा, हे यंत्र सांगत नाही.

उलट साधनं जितकी साधी तितकी ती नीट शिक. समपातळी काढायची ए-फ्रेम स्वतः बनव. दोन पाय, एक आडवी पट्टी, एक ओळंबा. दोन खुणांवर उभी करून दोरी पट्टीवर कुठे येते ते लिही, पाय अदलाबदल करून पुन्हा लिही. दोन्हींचा मध्य म्हणजे तुझी पातळी. पाण्याची नळी (दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतं ती पारदर्शक नळी) वापरताना आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी वाचन खोटं येतं, हेही हाताला कळू दे. बुर्किना फासोमधल्या यातेंगा भागात १९८० च्या दशकात शेतकऱ्यांनी अशाच नळीने समपातळी काढून हजारो हेक्टरांवर दगडी बांध घातले. शिकायला वेळ लागला नाही, कारण साधनात लपलेलं काही नव्हतं.

गणिताची भीती काढून टाक. लागते ती बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि खड्ड्याचं घनफळ. बॅकसाइटच्या (दुर्बीण मांडल्यावरचं पहिलं वाचन) बेरजेतून फोरसाइटची (ती हलवण्याआधीचं शेवटचं वाचन) बेरीज वजा केली की पहिल्या आणि शेवटच्या पातळीतला फरक यायला हवा. हा ताळा रोज संध्याकाळी, जागा सोडण्याआधी करणारी व्यक्ती हुशार गणितज्ञापेक्षा कामाची. दुर्बीण स्टाफच्या दोन्ही जागांच्या मधोमध ठेवायची सवय लाव. यंत्राचा दोष आपोआप कटतो.

नोकरीचं सरळ सांगतो. 'चर आखणारी' अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. हे कौशल्य सरकारी मृद व जलसंधारण खातं, पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्था, वनीकरण, खाणींच्या जागा सावरणाऱ्या कंपन्या, रस्त्यांच्या उतारांचं काम करणारे ठेकेदार अशा अनेक ठिकाणी थोडं थोडं विकलं जातं. म्हणून अंगावरचा पदविकेचा शिक्का महत्त्वाचा. शक्य असेल तर पुढे पदवीही घे, सिव्हिल किंवा कृषी अभियांत्रिकीतली मृद व जल शाखा. मातकाम पावसाच्या आधी उरकायचं असतं, त्यामुळे वर्षातले काही महिने ऊन आणि धावपळ, काही महिने कागद. ठेकेदारी कामात पैसे उशिरा मिळणं नेहमीचं. मोजमाप पुस्तिकेत खोदाई जास्त दाखव, म्हणून दबाव येतो. पहिल्याच आठवड्यात येतो. तेव्हा स्वतः मोजलेल्याखालीच सही करायची, हे आधी ठरवून जा. शेताची हद्द आणि तुझी रेषा एकमेकींना छेदली की भांडण तुझ्या अंगावर येणार, तेही धरून चल.

पदविका पूर्ण कर. दुसरी सुट्टी पुन्हा कामावर घालव, पण या वेळी स्टाफ दुसऱ्याच्या हातात दे आणि वाचनं तू लिही. पाऊस पडल्यावर त्याच जागेवर जाऊन पाणी कुठे थांबलं ते बघ. हे फार कमी लोक करतात. ड्रोनचा कोर्स नोकरी लागल्यावर कर, आणि फी मालकाने भरली तर अधिकच बरं.