पडताळणीची फाइल बांधून ठेवण्याआधी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

जात वैधता प्रमाणपत्र हाती आलं, ॲडमिशन पक्कं झालं, तरी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची, ती नक्कल तू अजून काढून काढून वाचतेस, असं लिहिलंस. पणजोबांची जन्मनोंद नदीपलीकडच्या गावात कशी, हे तुला कळून घ्यायचं आहे. घरचे म्हणतात, काम झालं, आता कशाला? मला वाटतं, खरं काम आता सुरू होतंय.

आपल्याकडे कितीतरी घरांत हा शोध गरजेपोटीच सुरू होतो. ओबीसींना १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. त्यासाठी माणसं तहसिलीत, शाळेत, भूमी अभिलेखात चकरा मारतात. कधीही न ऐकलेलं पणज्याचं नाव तिथे एकदम समोर येतं. जात पडताळणी समितीचं काम उरकलं की ते परत कपाटात जातं. तू ते जाऊ दिलं नाहीस, याचा मला फार आनंद झाला.

आता नदीबद्दल. तुझं गाव अमरावती जिल्ह्यात, नोंद वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडची, मधे वर्धा नदी. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर हीच नदी सरहद्द झाली: पलीकडे नागपूरकर भोसले, अलीकडे निजाम. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. मालक एक झाला, पण जमिनीचा कारभार दोन तऱ्हांचा राहिला. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. नागपूर-वर्ध्याकडे मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा, आणि ती थेट १९५१ पर्यंत चालली. म्हणून आर्वीकडे शोधताना पणजोबांच्या बापाच्या नावावर शेत होतं का, एवढंच विचारू नकोस. मालगुजार कोण होता, आणि हे त्याच्या गावात कोणत्या हक्काने जमीन कसत होते, ते बघ. नदी का ओलांडली याची कारणं पुष्कळ असू शकतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ या मुलखाने पाठोपाठ सोसले. कोणी कर्जापायी उठलं, कोणी सासुरवाडीच्या जमिनीवर राहायला आलं. मनाला आवडलेलं कारण आधी ठरवून मग त्याला कागद शोधायचे, हे मात्र टाळ. पुष्कळ कुळांचे ‘सरदार पूर्वज’ असेच तयार झालेत.

नोंद वाचताना आडनाव शोधत बसू नकोस, ते पुष्कळदा नसतंच. नाव, मग वल्द (म्हणजे ‘चा मुलगा’), मग बापाचं नाव, मग जात. जन्माच्या नोंदीत तर मुलाचंही नाव नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. ते मूल आपलंच हे ठरवायला त्याच बापाच्या आधीच्या-नंतरच्या नोंदी काढाव्या लागतात. वऱ्हाडातल्या जुन्या कागदांवर फसली सन दिसला तर त्यात ५९० मिळव, इसवी सन निघेल. शाळेच्या दाखल-खारीजमधल्या, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याच्या रजिस्टरातल्या, जन्मतारखेवर फार विसंबू नकोस. ते रजिस्टर मी वर्षानुवर्षं सांभाळलं आहे. जुन्या पानांवर १ जुलैला जन्मलेली पोरं ओळीने सापडतात, कारण नाव घालताना तारीख अंदाजाने लिहिली जायची. गाव आणि बापाचा धंदा ही तिथली जास्त कामाची माहिती.

तू विचारलंस, या सगळ्यात बाया कुठे आहेत? हा प्रश्न तू आपणहून विचारलास, म्हणून तर एवढं लांब पत्र लिहितो आहे. वंशावळीत त्या नसतात. समितीला बापाकडचीच साखळी लागते, त्यामुळे तुझ्या फाइलीत पाच पिढ्यांचे पुरुष आहेत आणि एकाही आजीचं माहेर नाही. जुन्या जमाबंदीच्या कागदात बाई आली तर बहुधा ‘बेवा’ म्हणून, नवरा मेल्यावर. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मात्र बापाच्या वारसांत लेकी आल्या. फेरफारात, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याच्या नोंदीत, त्यांची नावं चढली, आणि लगेच भावांसाठी हक्कसोडपत्रं झाली. त्या पत्रात बहिणीचं नाव, वय, नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव लिहिलेलं असतं. घरात जिचं नाव कोणी घेत नाही अशी आत्या तुला तिथे सापडेल, खाली अंगठ्यासह. हक्क सोडण्याच्या दिवशीच तिची पुरी नोंद झाली, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनीही बोचते. तेव्हा आजोबांच्या वेळचा वारस फेरफार पटवाऱ्याकडून काढ, हक्कसोड नोंदलेली असेल तर दुय्यम निबंधकाकडून तिची नक्कल घे. सासरची गावं कळली की तिकडच्या नातवंडांना भेट. माहेरच्या ज्या गोष्टी तुमच्या घरात विसरल्या गेल्या, त्या तिकडे सापडण्याची आशा मला जास्त वाटते.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नकोस. मानमोडीची साथ आली तेव्हा कोण गेलं, असं त्यांच्या आईबापांकडून काय ऐकलं ते विचार. ती इन्फ्लूएंझाची साथ १९१८ ची, आपल्या प्रांतात तिने घरंच्या घरं रिकामी केली. अक्षय तृतीयेला घागर कोणाकोणाच्या नावाने भरतात, ते लिहून घे. तिथे एखादं नाव असं निघेल, की ते आपलं कोण लागतं हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

एखादा पाट (बाईचं दुसरं लग्न), एखादं दत्तक, दारूपायी किंवा कर्जापायी गेलेलं शेत निघालं आणि आजी गप्प झाली, तर थांब. तिला नको असेल ते वहीत लिही, पण चुलत्यांच्या ग्रुपवर टाकू नकोस. पाट लागलेल्या बाईने दोन घरं सांभाळलेली असतात. तिच्याबद्दल लिहिताना हात आखडू नकोस आणि शरमूही नकोस.

मोडीची पानं मिळाली तर फोटो दिवसाच्या उजेडात सरळ वरून काढ. पान क्रमांक आणि शिक्का दिसला पाहिजे, कडा कापू नकोस. कोणत्या कार्यालयातली कोणती वही, गाव आणि साल, हे त्याच दिवशी लिहून ठेव, आणि मला पाठव. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, शब्द सुटे नसतात, त्यामुळे सुरुवातीला अडशील. आर्वीच्या आसपासच्या गावांची नावं आधी कागदावर लिहून जवळ ठेव, ती ओळखीची अक्षरं धरून पुढचं वाचता येतं.

तुझे,
गुरुजी